पेला हलवायचा असतो

एरंडवण्यातल्या कार्यालयात, जिथे आदल्याच दिवशी
कुणाची तरी मुंज झाली होती
आणि अक्षता अजून खुर्च्यांच्या फटीत होत्या,
हर्डीकरांनी आम्हा बावीस जणांना मस्कतचे नियम सांगितले.
मनगटं झाका. घोटे झाका. मशिदीत केस झाका.
विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नका.
उजव्या हाताने द्या, उजव्याने घ्या.
मागच्या रांगेतून कुमुदिनी म्हणाली,
हे तर आमची आत्या फुकट सांगायची.

मग चहा आला.
मी तो डाव्या हाताने घेतला, कारण उजव्या हातात
नियमांची यादी होती.

मस्कतचं फार सांगत नाही.
डोंगर होते, झाडाविना,
मे महिन्यातल्या आपल्या टेकड्यांचे थोरले चुलते.
रस्ते इतके स्वच्छ की चिक्कीचा कागद
पर्समधून थेट पुण्याला आला.
मोठ्या मशिदीत माझी ओढणी सारखी घसरत होती.
दारावरची मुलगी पुढे आली,
काही न बोलता गळ्याशी एक पिन लावून गेली,
लग्नघरात एखादी अनोळखी मामी
आपल्या निऱ्या सारख्या करून जाते तशी.
ती पिन अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

आणि बाजारात तो म्हातारा, लोबानाच्या धुरामागे.
त्याने कॉफी दिली, अंगठ्याएवढ्या पेल्यात, पेल्याला कान नाही.
मी प्याले, त्याने भरला.
नको म्हटलं, त्याने भरला.
पोटावरून हात फिरवून दाखवला,
तो छान हसला आणि त्याने भरला.
वाया घालवायचं नाही, हे आमच्या घरातलं वळण,
म्हणून सात पेले.
रात्रभर छताकडे बघत पडले.
सकाळी हर्डीकर म्हणाले,
अहो, पुरे झालं की पेला हलवायचा असतो,
ते सांगायचं राहिलंच.

मार्चमध्ये कुमुदिनीचा गुडघा बदलायचा ठरला.
बंडगार्डनजवळचं हॉस्पिटल, तिसरा मजला.
शेजारच्या खुर्चीवर जुवैना, सोहारहून आलेली.
आत तिच्या नवऱ्याचं हृदय उघडलेलं,
आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर
तिच्या सोनेरी पट्ट्यांच्या चपला नीट भिंतीशी.
पाटी नव्हती तिथे. कुणाच्या तरी चपला बघून
तिनेही काढल्या असणार.
आम्ही मोडक्या हिंदीत बोललो. तिची माझ्याहून बरी होती.
नातू शनिवारवाडा बघायला गेलाय, म्हणाली,
गजरेवालीचा फोटो काढताना आधी विचार, असं बजावलंय त्याला.

मी थर्मास काढला. जायफळ घातलेली कॉफी.
उजव्या हाताने दिली, बरं का.
ती प्यायली. मी ओतली.
ती प्यायली, मी परत ओतली
आणि तिच्या मनगटावर नजर ठेवून बसले:
आता हलवेल, आता हलवेल.
मला माहीत होतं ना.
ते माहीत असल्याचा केवढा तोरा होता मला,
थर्मास तिरका धरून वाट बघण्यात.

तिने पेला हलवला नाही.
तिने पेल्यावर हात आडवा धरला,
पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला
माझे वडील धरायचे तस्सा,
आणि म्हणाली, "पुरे."
मराठीत. र जरा जास्त गोल.

मी थांबायच्या आत कॉफी तिच्या बोटांवर सांडली.
घोरपडीतल्या मेसमधल्या मावशींनी शिकवलं, म्हणाली,
बोटं पुसत, हसत,
नाहीतर पोळ्या थांबतच नाहीत.

मी सॉरी म्हटलं, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.
तेवढ्यात आतला दिवा विझला की लागला,
आम्ही दोघी उठलो, दोघीही अनवाणी.
माझ्या चपला मी कधी काढल्या होत्या?

स्ट्रेचरवरून कुमुदिनी आली, अर्धी गुंगीत,
हवेत नाक वर करून म्हणाली,
जायफळाचा वास येतोय.
संपवलीत ना सगळी?